सत्ताविसावी ओळ

शहरातल्या सगळ्यात मोठ्या दफनभूमीच्या कचेरीत कारकून मी एकटाच. चाळीस ओळी, दीडशे वर्षांची रजिस्टरं, आणि वरून मोठ्या साहेबांचं फर्मान: "इथल्या नामवंतांची माहितीपुस्तिका शुक्रवारपर्यंत हवी." जसा काही मी माश्याच मारत बसलोय! एक न्यायाधीश, एक पूल बांधणारा इंजिनिअर, दोन महापौर. आणि पहिल्या पानावर अर्थातच गायिका. विहिरीजवळ तिचा संगमरवरी चौथरा, त्यावर रोज फुलांचा ढीग.

त्यात दर बुधवारी ती शिवणकाम करणारी म्हातारी. ती सात वर्षांची असताना तिच्या आईला इथं पुरलं, दगड लावायची ऐपत नव्हती, आणि आता जागा शोधतेय. अहो, रजिस्टरात स्वच्छ लिहिलंय: ओळ सत्ताविसावी, जागा पाचवी. ओळी फाटकापासून मोजायच्या, ही इथली पहिल्यापासूनची पद्धत. मी दहादा नेऊन दाखवलं, पण बाईंचा हेका कायम.

"ही नव्हे हो, भाऊ. आईच्या उशाशी विहीर होती."

"आजी, विहिरीपाशी गायिका आहे. तुम्ही लहान होतात, घोळ होत असेल."

"आईला कुठं पुरलं ते विसरेन मी?"

आणि परत जाताना गुडघे धरून नेमकी त्या चौथऱ्यावर टेकायची. मी खिडकीतून ओरडायचो, "उठा, आजी! मोठ्या माणसाची जागा आहे ती!" निमूट उठून जायची.

या बुधवारी म्हणाली, "रविवारी मुलगा त्याच्या गावी घेऊन चाललाय, कायमची. एकदा खरी जागा दाखवा, मग नाही त्रास देणार."

माझं डोकंच फिरलं. "खरी म्हणजे? मी काय खोटी दाखवतोय?"

गुरुवारी पुस्तिकेसाठी इतिहास खरडताना एक जुना हुकूम हाती लागला. रस्ता रुंद केला तेव्हा फाटक पूर्वेकडून काढून पश्चिमेला नेलं होतं. म्हातारीची आई आणि गायिका, दोघींचं दफन जुन्या फाटकाच्या काळातलं. रजिस्टरात गायिकेची ओळ चौदावी, जागा पाचवीच. चाहत्यांनी चौथरा बांधला तो फाटक हलल्यावर, नव्या फाटकापासून चौदा ओळी मोजून. जुन्या फाटकापासून मोजली की तीच ओळ सत्ताविसावी. आणि मीही गाढवासारखा नव्या फाटकापासूनच मोजत होतो.

साहेबांकडे धावलो. ते म्हणाले, "पुस्तिका उद्या छापायला जातेय. एका म्हातारीपायी आता चौथरा हलवू? कुणाजवळ अवाक्षर काढू नका."

शुक्रवारी मुकाट्यानं पुस्तिका दिली. रात्रभर तळमळलो. शनिवारी सकाळी मात्र मरो ती नोकरी म्हटलं, भेटीला येणाऱ्यांच्या वहीतून तिचा पत्ता काढला आणि तिच्या घरी गेलो. बांधाबांध चालली होती. तिला रिक्षात घालून आणलं, चौथऱ्यापाशी उभं केलं आणि सगळं सांगितलं. तिनं विहिरीकडे बघितलं, मग चौथऱ्याकडे.

"म्हणजे मी आईपाशीच बसत होते?"

"हो."

"आणि तुम्ही मला उठवत होतात."

मी रुमालानं चौथऱ्याची कड पुसली. "बसा, आजी," म्हटलं.

"आता बसा म्हणताय," ती म्हणाली, "उद्या माझी गाडी आहे."