आधी वास घे

"मान जरा वर. हां. आता श्वास रोखा."

"चष्मा बसवताय की छातीचा फोटो काढताय?" खुर्चीतल्या आजोबांनी विचारलं.

"श्वासाने माप हलतं हो," ती म्हणाली.

चष्म्याच्या दुकानात लागल्यापासून ही थाप तिने इतक्या जणांना मारली होती, की आता तिलाच ती खरी वाटू लागली होती. काडी कानामागे बसवताना गिऱ्हाइकाचं तोंड वीतभर अंतरावर यायचं, आणि त्या तोंडातून आधी काय गेलंय याचा नेम नसायचा. शेंगदाणे, तीळ, दूध, अंडं. यातलं काहीही चुकून पोटात गेलं की ओठ टम्म फुगायचे, घसा आवळायचा. मग पर्समधलं इंजेक्शन मांडीत खुपसायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. दुकानात तिचा पेला वेगळा, टॉवेल वेगळा. कुणाच्या वाढदिवसाला ती केककडे दारातूनच बघून टाळ्या वाजवायची. मालक तिला इन्स्पेक्टरबाई म्हणायचे.

"आजोबा, शेंगदाणे खाऊन आलात?"

"कोपऱ्यावर घेतले मूठभर. नाक आहे की काय तुमचं!"

तिने हात धुतले, पुन्हा धुतले. वास ओळखीचा होता. काल संध्याकाळी लेकीच्या, बिट्टीच्या, धुवायला टाकलेल्या झग्याला हाच येत होता. आणि तिथेच पडलेल्या बिट्टीच्या मोज्याला एक पातळसं लालसर साल चिकटलेलं होतं.

चार वर्षांच्या लेकीला दूध लागतं, ते तिने मान्य केलं होतं. ती घरी पोचायच्या आत बिट्टीचं दूध पिऊन, तोंड धुऊन व्हायचं. पण शेंगदाणा घरात आणायचा नाही, हे तिने सासूबाईंना हात जोडून सांगितलं होतं. याच सासूबाई, ती नवी सून असताना, तिला म्हणाल्या होत्या, "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं." तो काटा तिच्या मनातून कधी निघालाच नव्हता.

त्यात बिट्टी बदलली होती. दार उघडलं की झेपावणारी पोर हल्ली भिंतीला टेकून उभी राहायची, हात पाठीमागे धरून. "मोठी होतेय, लाजत असेल," नवरा म्हणाला होता. चार वर्षांची पोर आईला लाजते? कुणीतरी तिला पढवत होतं. आणि दिवसभर घरात असायची दोनच माणसं, त्यातली एक बिट्टी.

तिने अर्धी रजा टाकली.

घंटी न वाजवता, किल्लीने हळूच दार उघडून ती आत शिरली. घर चिडीचूप. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर तिची लाल दोरा बांधलेली भांडी होती तशीच होती. तिने डब्यांची झाकणं एकेक करून हुंगली. काही नाही. केरात हात घातला. तिथेही काही नाही. एवढी सफाई? उलट संशय वाढलाच. तेवढ्यात मागच्या दाराबाहेरून हसण्याचा आवाज आला.

मागच्या पायरीवर पेपर पसरला होता. सासूबाई शेंगा फोडत होत्या आणि बिट्टीचं तोंड चालू होतं.

"आई!" ती दारातूनच सासूबाईंवर ओरडली.

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "आलीस? बरं झालं. लपूनछपून करायचा मलाही कंटाळा आला होता."

"एकच गोष्ट सांगितली होती मी तुम्हाला. एकच!"

"घरात आणू नको म्हणालीस. घरात नाही आणले. आतलं एक भांडंसुद्धा लावलं नाही याला."

"जीव जाईल माझा, आई!"

"आणि हिचं काय?" सासूबाईंचा आवाज चढला. "डॉक्टर तुझ्यासमोरच बोलले ना? पोरीला चालतंय तर देत राहा, बंद केलंत तर उद्या हिलाही बाधू शकेल. तू काय म्हणालीस? बघू. किती दिवस बघणार होतीस?"

तिचा हात पर्समधल्या इंजेक्शनवर गेला.

"तुझा हात धजायचा नाही, कळत होतं मला. म्हणून मी घेतलं अंगावर. तुला सांगितलं असतं तर तिकडे दुकानात दिवसभर जीव टांगणीला."

"थेरं म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणाले होते. तोवर तुझे ओठ काळेनिळे झालेले पाहिले नव्हते मी."

ती लेकीच्या दिशेने पुढे झाली. तशी बिट्टी किंचाळली, "थांब! लांब! मी तुला अजून चालत नाही!"

ती जागीच थबकली. सासूबाईंनी पेपराची सालांसकट गुंडाळी करून बाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली, स्वतःचे हात खसाखसा धुतले आणि मग पोरीला नळाखाली घेतलं. साबण, बोटांच्या बेचक्या, नखं. बिट्टीने चूळ भरली, आजीला जीभ दाखवली, परत चूळ भरली. दोरीवरचा धुतलेला झगा अंगावर चढला. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. दोघींना सगळं पाठ होतं.

मग बिट्टीने हात पुढे केले. "आधी वास घे."

तिने वाकून तळवे हुंगले. साबण. केस हुंगले. साबणच. तिने पुन्हा एकदा तळवे हुंगले. सासूबाई नळ बंद करता करता ते पाहत होत्या.

"चालते?"

"चालतेस."

बिट्टी धावत आली आणि तिने आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. तोंड मात्र आपणहून भिंतीकडे वळवलं, ओठ गच्च मिटून. तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. ती इवलीशी पाठ हलत नव्हती. पोरीने श्वास रोखून धरला होता.