भोंग्याच्या पणजोबाचं जाकीट

रविवारी शर्यती सुरू झाल्या की टाचणी फोन रिळांच्या फळीला टेकवून उभा करायची आणि शिवता शिवता गप्पा मारायची. फोनच्या चौकटीत दोघी मैत्रिणी उगवायच्या, एकीच्या खिडकीत उजाडत असायचं, दुसरीच्या खिडकीत दिवस कलत असायचा. शाळेत तिघी एका बाकावर बसत. आता बाक तेवढा राहिला आणि तिघी तीन देशांत पांगल्या.

नावं मात्र बाकावरचीच. जिभेमुळे ही टाचणी. जिचं कुजबुजणंही वर्गाबाहेर ऐकू जायचं ती भोंगा. आणि डबा खायला घेतला की सुट्टी संपेपर्यंत पहिल्याच घासावर असायची ती गोगलगाय. ती आता एका इस्पितळात परिचारिका होती आणि रोगी तिच्यावर जीव टाकत, कारण ती कधीच घाईत नसायची.

टाचणीचं दुकान रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत होतं. जॉकींची रेशमी जाकिटं ती शिवायची. प्रत्येक घोडेमालकाचे रंग वेगळे. कुणाचा पिवळ्यावर निळा पट्टा, कुणाच्या लाल अंगाला पांढऱ्या बाह्या. लांबून घोडे सगळे सारखेच दिसतात, माणूस ओळखतो तो जाकिटावरून. त्यामुळे शर्यत कुठल्याही घोड्याने मारली तरी टाचणी म्हणायची, "माझंच पुढे आलं." त्यावर बाकी दोघींचं तिच्याशी भांडण ठरलेलं. पैसा लावायचा नाही, घोडा निवडायचा, आणि जिचा जिंकेल तिने पुढच्या रविवारपर्यंत मिरवायचं, एवढाच त्यांचा जुगार.

मिरवण्यासारखं टाचणीकडे आणखी एक होतं: पणजोबा. हा पणजोबा मोतद्दार होता. घोड्यांना खरारा करायचा, दाणापाणी बघायचा. एका परदेशी व्यापाऱ्याने जहाजभर घोडे विकत घेतले, तेव्हा घोड्यांना सोबत म्हणून तो गेला आणि परत आला नाही. मागे राहिलेल्या पणजीने त्याच्यावर गाणं रचलं होतं. त्यातल्या दोनच ओळी घरात उरल्या होत्या:

*पाण्यावरी गेली रेघ, रेघेला नाही काठ,*
*घोड्याचं तोंड दिसे, धन्याची मला पाठ.*

टाचणी ह्या ओळी म्हणायला लागली की मैत्रिणी दर वेळी हातातलं काम ठेवून ऐकायच्या. बाकी सगळ्यांत भोंगा पुढे होती. तिचं घर मोठं, तिच्या मुली हुशार, तिचे केससुद्धा अजून काळे. पण समुद्रापार गेलेला, घोड्यांचा, गाण्यातला पणजोबा तिच्याकडे नव्हता. टाचणीच्या मनात हा हिशेब कधीच मिटून गेला होता.

त्या रविवारी पहिली शर्यत सुटायच्या आधीच भोंगा ओरडली, "अगं, मला पणजोबा सापडला!"

"हरवला कधी होता?" टाचणी म्हणाली.

"थट्टा नको करूस. इथे आमचे लांबचे नातेवाईक निघाले. म्हणे आमचा पणजोबा तरुणपणी जहाजाने इकडे आला. आणि काय होता माहितेय? जॉकी!"

सुई कापडात तशीच राहिली.

"जॉकी?" गोगलगाय म्हणाली. ती इतक्या पटकन कधी बोलत नसे. "खरंच? अय्या, कसा दिसायचा?"

"थांब, फोटोच पाठवते."

फोटो आला. जुना, काळापांढरा. घोड्याच्या तोंडाशी पट्ट्यापट्ट्यांच्या जाकिटात एक माणूस छाती काढून उभा. हसरा. नाक थेट भोंग्याचं.

"किती गोड!" गोगलगाय म्हणाली. "डोळे बघ गं त्याचे. टाचणी, बघितलंस?"

"बघितलं."

"मग काहीतरी बोल ना!" भोंगा म्हणाली.

"घोडा चांगला आहे."

दोघी खदखदून हसल्या. टाचणी हसली नाही. तिने टाका कचकन ओढला. इतकी वर्षं तिने दोन ओळी जपून वापरल्या, आणि हिला आयता जॉकी, तोही फोटोसकट! गोगलगाय तर पाघळलीच. टाचणीच्या पणजोबाला कधी 'गोड' म्हणाली होती का ही?

"आता ऐक," भोंगा म्हणाली. "पुढच्या महिन्यात आम्ही सगळे नातेवाईक जमणार आहोत. शंभर तरी माणसं. मी ठरवलंय, हेच जाकीट घालून जायचं. आणि ते तूच शिवायचंस. दुसऱ्या कुणाच्या हातचं मी घालणार नाही."

"रंग कोणते होते?"

"ते कुणालाच माहीत नाही. तुला आवडतील ते घाल."

'शेवाळी आणि विटकरी घालते, बघ कशी दिसतेस,' असं टाचणीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिची नजर फोटोतल्या माणसाच्या हातांवर गेली. तिने फोटो बोटांनी मोठा केला. मग खांदे बघितले. आणि शेवाळी-विटकरी विसरून ती खुर्चीत सरसावून बसली.

"भोंगे," ती सावकाश म्हणाली, "हा जॉकी नव्हता."

"काय म्हणतेस?"

"बाही बघ. बोटांवर आलीये. जॉकीचा कफ मनगटाला धरून बसतो, नाहीतर लगामात अडकतो. आणि खांद्याची शिवण बघ कुठे उतरलीये, दंडापर्यंत. हे जाकीट ह्या माणसाला बेतलेलंच नाही. कुणाचं तरी घातलंय, फोटोपुरतं. घोडा धरणारा कुणीतरी असणार. मोतद्दार."

बोलून झाल्यावर टाचणीने दोरा दातांनी तोडला. पलीकडे रेसकोर्सवर घोडे सुटले, लोक ओरडले, त्या आवाजाची लाट गल्लीत आली आणि ओसरली, तरी भोंगा गप्प. भोंगा गप्प! टाचणीने मान वर केली. आता थोडं वाईटही वाटायला लागलं होतं.

आणि मग भोंगा अशी काही हसत सुटली की तिच्या हातातला फोन हलायला लागला.

"उसनं जाकीट! अगं, कसला नग होता हा! सगळ्यांना शेंडी लावून बसला! पोरं, नातवंडं, सगळी म्हणतायत जॉकी, जॉकी!" तिने डोळे पुसले. "मला तर हा जास्तच आवडला. आणि टाचणे, मोतद्दार म्हणजे तर तुझ्याच पणजोबासारखा की!"

"अगं हो!" गोगलगाय म्हणाली. "एकाच जहाजात असतील."

"असणारच. रात्री घोड्यांपाशी दोघं बसून गप्पा मारत असतील. आपल्यासारख्या."

टाचणी फोनकडे बघतच राहिली. जॉकी होता तेव्हा निदान वेगळा तरी होता. तिने स्वतःच्या हाताने त्याला घोड्यावरून खाली उतरवला आणि नेऊन बसवला कुठे, तर आपल्याच पणजोबाच्या जागेवर! आता भोंग्याकडेही जहाज, भोंग्याकडेही मोतद्दार, वर चेहरा, नाक, हसू. आणि टाचणीकडे एक पाठ, तीही गाण्यात.

"मशीनची बॉबिन अडकलीये," ती म्हणाली. "ठेवते."

"अगं, शर्यत कुणी मारली ते तरी सांग!"

पण फोन पालथा पडला होता.

मग आठवडाभर टाचणीने कुणालाच उत्तर दिलं नाही. तिघींच्या गटात फोटो येत राहिले, भोंग्याच्या नव्या चुलतबहिणी, त्यांची मुलं, सगळ्यांची तीच नाकं. गोगलगाय प्रत्येकाखाली बदाम टाकत होती. टाचणी ते बदाम बघायची आणि मशीन इतकं जोरात चालवायची की शेजारचा चांभार डोकावून गेला. "बाई, घोडा सुटलाय का?" त्याने विचारलं. गाणं गुणगुणायला गेली तर दुसऱ्या ओळीत भोंग्याच्या पणजोबाचं हसरं तोंड मधे यायचं.

रविवार यायच्या आधीच भोंग्याचा फोन आला. एकटीचा.

"रागावलीयेस."

"मी कशाला रागावू?"

"माझं नवं दप्तर आलं होतं तेव्हाही तू अशाच आवाजात बोलत होतीस. अख्खं सत्र."

"दप्तर भिकार होतं."

"बरं, भिकार होतं." भोंगा थांबली. मग तिच्या मानाने पुष्कळच हळू म्हणाली, "फोटो जवळ आहे का? घोड्याच्या मागे बघ. मानेपलीकडे. तिथे आणखी एक आहे."

टाचणीने फोटो उघडला. तिने त्या फोटोत बाही सोडून काही पाहिलंच नव्हतं. घोड्याच्या मानेपलीकडे खरंच कुणीतरी उभा होता, पाठमोरा.

"हा कोण?"

"कुणालाच माहीत नाही. मी सगळ्यांना विचारलं. आमच्यातला नाही. कुणाचाच नाही." भोंग्याने घसा खाकरला. "तर मी म्हटलं, हा तू घे."

"वेडी आहेस का? असा कुणी पणजोबा देतं का?"

"मी देतेय. तुझ्या पणजीने त्याची पाठच पाहिली होती ना शेवटची? मग त्याला ओळखायचं तर पाठीवरूनच ओळखायला हवं."

टाचणीला ताबडतोब काहीतरी टोचरं सुचायला हवं होतं. तिने नाक ओढलं.

"रडतेयस का?"

"सर्दी आहे. तुला नको असलेला माणूस मला देतेस, वर उपकार."

"घेतेयस की नाही?"

"...घेते. पण एकदा दिला तो दिला. परत मागायचा नाही."

"नाही मागत बाई. जाकीट बेतलंस का?"

"बेतते."

फोन ठेवल्यावर टाचणीने फोटो मोठा केला. आपला म्हटल्यावर माणूस नीट बघायला हवा. अंगात नुसती बंडी, उघडा दंड लगामाकडे गेलेला. लांब हात. रुंद खांदे. कमरेखाली पांढरी घट्ट तुमान. आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे, उन्हात चमकणारे बूट.

तिने परत पुढच्या माणसाकडे पाहिलं. ढगळ विजार, धुळीने भरलेले जोडे, आणि वर ते थाटाचं जाकीट. मग पुन्हा मागच्याकडे. बंडीवर उभा. जाकिटाविना. तिने टेबलावरची पट्टी उचलून पडद्यावर धरली, खांद्यापासून मनगटापर्यंत, आधी ह्याच्या, मग त्याच्या.

जाकीट मागच्याचं होतं. अगदी त्याच्याच अंगाचं. मोतद्दाराच्या हौसेखातर ते अंगातून काढून देऊन फोटो होईपर्यंत घोडा धरून उभा राहिलेला तो जॉकी होता.

टाचणी खुर्चीत मागे रेलली आणि एकटीच इतकी हसली की गल्लीतून चांभाराने पुन्हा मान आत घातली. आपला खरा पणजोबा मोतद्दार होता, हा कुणाचा कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण दिला तो दिला. तिने भोंग्याला लिहायला घेतलं: *अगं, मागचा जो आहे ना*. थांबली. एकेक अक्षर पुसलं.

नको. निदान शंभर माणसं जमून पांगेपर्यंत तरी नको. आता पुन्हा तिच्याकडे असं काही होतं जे भोंग्याकडे नव्हतं, आणि भोंगा ते शंभर जणांत अंगावर घालून मिरवणार होती. टाचणीच्या पणजोबाचं जाकीट. तेही उसनं.

तिने कपाटातलं उत्तम रेशीम काढलं. शेवाळी नाही, विटकरी नाही. उन्हासारखं पिवळं आणि त्यावर समुद्राचा निळा. टेबलावर अंथरून सुरकुत्या हाताने मोडल्या. खडू घेतला. फोन वाजला: *बाही फोटोतल्यासारखीच लांब ठेव हं!*

*ठेवते,* टाचणीने लिहिलं. *खांद्याचा मुंढासुद्धा त्याच्याच मापाचा.*

*कुणाच्या?*

टाचणीने फोन पालथा घातला आणि खांद्याची पहिली रेघ ओढली, चांगली रुंद.