फळ्यावरची सातवी ओळ

वारज्याच्या शुभंकर सोसायटीत माणसं एकमेकांशी बोलत कमी आणि फळ्यावर लिहीत जास्त. जिन्याखाली काचेचा फळा होता आणि त्याची किल्ली सेक्रेटरी गोपाळकृष्ण पटवर्धनांच्या जानव्याला. 'पाण्याचा पंप कोणाच्या तीर्थरूपांचा नाही' ही सूचना त्यांचीच. असं काही लिहून झालं की दोन पावलं मागे सरून ते स्वतःच ते वाचत उभे राहत.

नव्व्याण्णव सालच्या एप्रिलअखेर पोलीस चौकीतून एक पत्रक आलं. सुट्टीत बाहेरगावी जाणाऱ्यांनी चौकीत येऊन नोंद करावी, म्हणजे गस्तीचा शिपाई बंद घरावर नजर ठेवील, असं त्यात होतं. तेवीस घरांनी हेलपाटे कशाला घालायचे, असं पटवर्धनांना वाटलं. त्यांनी रेघा मारलेला कागद फळ्यावर लावला, दोऱ्याने पेन बांधलं आणि काच उघडी ठेवली. फ्लॅट, तारखा आणि शेरा असे तीन रकाने. सगळ्यांनी लिहायचं, मग ते एकगठ्ठा यादी चौकीत नेऊन देणार. पोलिसांचं पत्रकही त्यांनी शेजारीच टाचलं. त्यात पाचवी सूचना होती, घर बंद राहणार असल्याची जाहीर वाच्यता करू नये. ती तेव्हा तेवीस घरांत एकानेही वाचली नाही.

कोण कुठे चाललंय याच्याशी चौकीला काही देणंघेणं नव्हतं, पण सोसायटीला होतं. 'काश्मीर, अकरा दिवस, विमानाने' असं एकाने शेऱ्यात लिहिलं. त्याच्या खाली लगेच 'सिंगापूर' आलं. मिरजेला सासुरवाडीला जाणाऱ्याने 'दक्षिण महाराष्ट्र दौरा' असं लिहिलं. फ्लॅट सातच्या सुनीती देवधरांनीही आपली ओळ लिहिली आणि त्या बहिणीबरोबर दापोलीला गेल्या. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाई त्या, अक्षर घोटीव आणि अर्धवट वाक्य लिहायचं नाही ही जन्माची सवय.

बारा मेला त्या परतल्या तेव्हा दाराचं लॅच जसंच्या तसं होतं. आत कपाट मात्र उघडं. आईच्या चार पाटल्या गेल्या होत्या, कॅमेरा गेला होता. त्यांनी चौकीत तक्रार दिली आणि माझा कोणावरही संशय नाही, असं स्वच्छ सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बायडाबाई कामाला आल्या नाहीत. जुन्या वारजे गावातल्या बायडाबाई या इमारतीत पाच घरची धुणीभांडी करायच्या. इमारत उभी होती ती जमीन एके काळी त्यांच्या सासऱ्यांची होती. त्यात भात निघायचा म्हणे. आता त्याच जागी त्या दुसऱ्यांची ताटं घासत होत्या, पण त्याबद्दल त्या चकार शब्द काढत नसत. सुनीतीबाई गावाला गेल्या की झाडांना पाणी घालायला घराची किल्ली बायडाबाईंकडेच असायची, गेली नऊ वर्षं.

"अहो, तिला चौकीवर नेलंय," जिन्यात भेटलेल्या पटवर्धनांनी सांगितलं. "कुलूप फोडलेलं नाही, किल्ली तिच्याकडे. पोलिसांना मीच दाखवून दिलं."

सुनीतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आपल्याला कोणी विचारलं होतं?"

"विचारायला कशाला हवं? मी सेक्रेटरी आहे."

"हो, ते आम्हाला विसरायची सोय ठेवलीय कुठे तुम्ही!"

त्या तशाच रिक्षाने चौकीवर गेल्या. बाकड्याच्या टोकाला बायडाबाई पदर घट्ट गुंडाळून बसल्या होत्या. सुनीतीबाईंना पाहून त्यांनी मान खाली घातली, वर केलीच नाही. हवालदार सर्जेराव म्हणाले, "बाई, अटक कुठं केलीय? नुसतं बसवलंय. चौकशी हाय."

"माझ्या घरी चोरी झाली आणि मीच सांगतेय, ही नाही. मग चौकशी कसली?"

"आपण शिकल्यासवरल्या. आपला जीव भोळा असतो."

भोळा! सुनीतीबाईंना त्या शब्दाची इतकी चीड आली की समोरचं रजिस्टर सर्जेरावांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. अर्ज लिहून दिला, तो फायलीला लागला. बायडाबाईंना तीन दिवस रोज सकाळी बोलावून संध्याकाळी सोडलं. तेवढ्यात पाचपैकी चार घरांनी दुसरी बाई लावली. पाचवं घर सुनीतीबाईंचं, आणि तिथे बायडाबाई स्वतःच आल्या नाहीत.

तीन दिवस सुनीतीबाई नुसत्या धुमसत होत्या. भांडी घासताना, वरण फोडणीला टाकताना मनातल्या मनात पटवर्धनांची हजेरी घेत होत्या. असल्या माणसाच्या हाती किल्ली दिली कोणी, यादी करायची हौस कोणाची, आणि एका गरीब बाईचं नाव पोलिसांना द्यायची एवढी घाई कशाला? एक एक मुद्दा त्यांनी घोटून ठेवला. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा होती, चौकीचे फौजदार सुरक्षेची माहिती द्यायला येणार होते. तिथे सगळ्यांसमोर पटवर्धनांना सोलून काढायचं आणि बायडाबाईंचं नाव धुऊन घ्यायचं, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं.

सभेला फौजदार आले ते चांगली बातमी घेऊनच. चोर सापडला होता. लॅच बसवायची कामं करणारा माणूस, काम आहे का विचारायच्या निमित्ताने इमारतींतून हिंडायचा. पाटल्या मिळाल्या होत्या. टाळ्या पडल्या. पटवर्धनांनी तर जणू चोर स्वतः पकडल्यासारखी मान डोलावली.

सुनीतीबाई ताडकन उभ्या राहिल्या. "साहेब, हा माणूस आमच्याकडे कशामुळे आला ते यांना सांगा. या फळ्यामुळे! आम्ही घरात नाही, याची जाहिरात आमच्या सेक्रेटरींनी काचेच्या कपाटात लावली होती. शेजारी तुमचं पत्रक, त्यातली पाचवी सूचना वाचून दाखवा यांना. आणि वर एका निरपराध बाईला चौकीत बसवायला हेच पुढे!"

"तोंड सांभाळून बोला," पटवर्धन म्हणाले.

"चौतीस वर्षं सांभाळलं. आता नाही."

फौजदारांनी हात वर केला. "बाई बरोबर बोलतायत. आमचंही चुकलं, ते मी मान्य करतो. पण हे ऐका." त्यांनी खिशातून चिठोरं काढलं. "त्याच्याकडे सापडलं. तुमच्या फळ्यावरनं उतरवलेलं आहे." आणि ते वाचू लागले. "तीन, काश्मीर, अकरा दिवस. पाच, सिंगापूर." पार्किंगमध्ये कोणी खोकलं, कोणी चप्पल सारखी केली. "सात. दापोली, बारा मेपर्यंत. किल्ली कामवाल्या बायडाबाईंकडे आहे."

सुनीतीबाई उभ्याच राहिल्या.

"मी त्याला विचारलं, काश्मीरवाला सोडून सातमध्येच का गेलास?" फौजदार म्हणाले. "तर म्हणाला, साहेब, लॅच न फोडता उघडता येतं मला. जिथली किल्ली दुसऱ्याकडे आहे तिथं गेलं, की पोलीस तिच्याकडे जाणार. नाव आयतं लिहिलेलंच होतं."

फळ्यावर कागद अजून तसाच होता. सातवी ओळ लांबूनही ओळखू येत होती. गळती झाली, गरज पडली तर शेजाऱ्यांना कळावं, म्हणून लिहिलेलं पूर्ण, निर्दोष वाक्य. शेवटी पूर्णविरामसुद्धा. पटवर्धनांनी पोलिसांना दाखवलं ते हेच, आणि ते लिहिलं होतं सुनीतीबाईंनी. तीन दिवस ज्या माणसावर त्या दात खात होत्या, त्याने फक्त बोट दाखवलं होतं.

पाटल्या घ्यायला न थांबता त्या जुन्या गावात गेल्या. बायडाबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. सून दारात उभी राहिली, या म्हणाली नाही.

"बायडाबाई, चोर सापडला."

"कळलं. सर्जेराव सांगून ग्येले."

"चूक माझी झाली. तुमचं नाव मीच लिहिलं होतं."

"म्हाईत हाय," सूप न थांबवता बायडाबाई म्हणाल्या. "म्या चौथी शिकल्याली हाय, बाई. झाडांना पाणी घालाया रोज त्याच जिन्यानं जात व्हते. रोज वाचत व्हते. वाटलं, बाईंनी लिवलंय म्हंजी बराबरच आसंल."

त्या उठल्या, आत जाऊन रुमालात बांधलेली किल्ली घेऊन आल्या आणि ओट्यावर ठेवली.

"ती तुमच्याकडेच राहू द्या," सुनीतीबाई कशाबशा म्हणाल्या.

"नगं. तुमच्या म्हाताऱ्या आईला म्या न्हाऊ घालत व्हते, तवा त्या पाटल्या म्याच काढून ठिवायची, म्याच घालायची. तवा न्हाई घेतल्या." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आन् आता माझा नातू पोरांत खेळाया ग्येला, तर पोरं त्याला इचारत्यात, तुझ्या आजीनं काय चोरलं? त्ये कुनी पुसायचं? फळ्यावर नाव लिवाया येतं तुमाला. पुसाया बी येत आसंल."

सुनीतीबाई परतल्या तेव्हा पटवर्धन फळा उघडून यादी काढत होते. किल्ली कुलपातच होती. सुनीतीबाईंनी पाठकोरा कागद घेतला आणि तिथेच भिंतीला टेकवून लिहिलं: 'फ्लॅट सातमधील चोरीशी बायडाबाईंचा काहीही संबंध नाही. किल्ली त्यांच्याकडे आहे, हे मी या फळ्यावर लिहिलं. म्हणून त्यांना तीन दिवस चौकीत बसावं लागलं. चूक माझी आहे. ज्या चार घरांनी त्यांना कामावरून काढलं, त्यांनी आपापला शेरा खाली लिहावा. सुनीती देवधर.'

"कमिटीच्या मंजुरीशिवाय सूचना लावता येत नाही," पटवर्धन म्हणाले.

"मग काढून दाखवा."

त्यांनी कागद मधोमध टाचला, काच लावली, कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"अहो, पण किल्ली! उद्या कोणी विचारलं कोणाकडे आहे, तर?"

"ते मी कुठेही लिहून ठेवलेलं नाही."

कागद जूनअखेरपर्यंत तसाच राहिला. त्याखाली कोणी शेरा लिहिला नाही, पण चारांपैकी तीन घरांनी बायडाबाईंना निरोप धाडले. एका सोमवारी त्या आल्या. फळ्यापाशी थांबून त्यांनी कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, मग जिना चढू लागल्या. सुनीतीबाई दार उघडून उभ्या होत्या.

बायडाबाई सात नंबरच्या दारावरून वर गेल्या. थांबल्या नाहीत.

सुनीतीबाईंनी दार लावलं आणि मोरीत जाऊन सकाळची भांडी घासायला घेतली. राग होता तेवढाच होता, पण आता हजेरी घ्यायची होती ती स्वतःची. पातेलं घासघासून लख्ख झालं, तरी त्या घासतच राहिल्या.