खंडेनवमी आणि धुकासूर

२००३ सालची खंडेनवमी. कॉम्प्युटरवरच्या खेळातला धुकासूर नावाचा राक्षस मी चार महिने दलदलीत शोधत होतो. माणूस दिसला की तो धुक्यात पळून जायचा. त्या सकाळी तो एकदाचा जाळ्यात सापडला. आता त्याला सात फळं भरवली की तो माणसाळणार होता. मध्येच खेळ बंद पडला, तर तो कायमचा जाणार होता.

पाच फळं झाली आणि छाया, म्हणजे आमची बायको, पूजेचं ताट घेऊन आली. विळा, कात्री, फवारणीचा पंप यांना झेंडूची फुलं वाहून झाली होती.

"आता या कॉम्प्युटरचा नंबर. बंद करा. आज अवजारांना सुट्टी असते."

"दोन मिनिटं थांब गं!"

"वर्षभर तुम्ही असंच म्हणता," म्हणत तिनं बटणाकडे हात नेला. कॉम्प्युटर उचलून ऑफिसात पळून जावंसं वाटलं, पण निवृत्त होऊन वर्ष झालं होतं.

"अगं, तो जेवतोय!" मी ओरडलो.

हात जागीच थांबला. "मग आधी सांगायचं ना! भरल्या ताटावरून उठवते का मी कुणाला? सावकाश भरवा, ठसका लागेल."

मी उरलेली फळं भरवली. धुकासुरानं मान लववली. मी खेळ सेव्ह केला आणि श्वास सोडला.

छायानं काचेवरच त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मायेनं विचारलं, "हात धुवायला पाणी घालू का त्याला?"

तिच्या दुसऱ्या हातात भरलेला तांब्या होता.