सविताची सही

जून २००१ मधला सोमवार होता. न्हावऱ्याहून शिरूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत सविता खिडकीपाशी बसली होती. आज कॉलेजचा पहिला दिवस. तिच्यासाठी तो दुसऱ्यांदा पहिला होता.

गेल्या ऑक्टोबरात शिक्रापूरजवळ भावाच्या मोटारसायकलवरून पडून तिच्या डोक्याला मार लागला. मेंदूत रक्त साकळलं होतं. पुण्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरच्यांना बसवून सांगितलं, "बुद्धी शाबूत आहे. ताज्या गोष्टी निसटतील. तिला सगळं लिहून ठेवायची सवय लावा. पुढच्या जूनमध्ये कॉलेजला पाठवा." दवाखान्यात आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, हौसरावांनीच, तिला एक ते शंभर पुन्हा म्हणायला शिकवलं. ती सत्तेचाळीसपाशी अडकायची. ते म्हणायचे, "थांब, निघंल."

गावात मात्र सांगितलं गेलं, पोरीला कावीळ झालती, मावशीकडं ठेवलीय. डोक्याचं ऑपरेशन म्हटलं की लोक मागे 'वेड' हा एकच शब्द जोडतात, आणि तो शब्द लागलेल्या घरातल्या मुलींना कोणी मागणी घालत नाही. हे आबांना माहीत होतं. घरात सविताची धाकटी बहीणही होती.

आठ महिन्यांत सविताने एस.वाय.बी.एस्सी.चं रसायनशास्त्र अर्ध्या अर्ध्या पानाने वाचून काढलं. काल वाचलेलं आज आठवतं का, ते रोज तपासलं. गॅस बंद केला का, फिटच्या गोळ्या घेतल्या का, सारं दोनदा बघायची सवय लागली.

कॉलेजच्या फाटकात तहमीना उभीच होती. दोघी पहिल्या वर्षी एका टेबलावर प्रॅक्टिकल करायच्या. गेल्या वर्षी नापास झाल्याने तहमीनाही पुन्हा एस.वाय.लाच होती.

"आलीस एकदाची! आता बर्नर तू लाव बाई. मी लावला तर माझी भुवई जाती."

दोघी हसतच ऑफिसच्या खिडकीपाशी गेल्या. कारकुनांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी रजिस्टर चाळलं, चष्मा काढला.

"सविता, तुझा दाखला तर गुरुवारी नेला की तुझ्या वडिलांनी."

"कसला दाखला?"

"कॉलेज सोडल्याचा. हा बघ तुझा अर्ज."

अर्जात लिहिलं होतं : माझा विवाह ठरल्याने मी पुढील शिक्षण घेणार नाही. दाखला वडिलांकडे द्यावा. अक्षर भावाचं, मच्छिंद्रचं होतं. खाली सही सविताची होती. ओळखीचा लांबट 'स'.

"तू केलीस ही?" तहमीनाने विचारलं.

सविताने दप्तरातली वही उघडली. बुधवारी संध्याकाळी लिहिलं होतं : आबांनी कॉलेजच्या फॉर्मवर सही घेतली. त्यापुढे तिच्याच हाताने काढलेला छोटा फुलीसारखा तारा होता. आनंदाच्या नोंदींना ती तो काढत असे.

दुपारी ती घरी पोचली. सरूबाई, तिची आई, भाकरी थापत होती.

"आई, माझं लग्न ठरलंय?"

सरूबाईचा हात थांबला नाही. "अगं, दौंडची माणसं रविवारी सुपारी फोडाया येणार हायेत. तूच न्हाई का म्हणलीस, कॉलेज झेपंना, लगीन करा?"

"मी?"

"व्हय. इसरलीस बग. तुझं असंच हाय आताशा."

 हे खोटं आहे असं सविताला शपथेवर सांगता येत नव्हतं. ती म्हणालीही असेल. तिच्या डोक्यातून खरंच गोष्टी निसटत होत्या, आणि ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

ती आईसमोर खाली बसली. मग विचारलं, "कुठं म्हणाले मी?"

"हितंच की. मी भाकरी करत हुते."

ती गोठ्यात गेली. मच्छिंद्र म्हशीला कडबा टाकत होता. "दादा, मी लग्नाला हो म्हणाले ते कुठं?"

"आता त्ये बी आठवंना व्हय?" तो हसला. "मळ्यात. कांद्याच्या चाळीपाशी. आबा, मी, सगळेच हुतो."

आबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांना तिने तेच विचारलं. त्यांनी मान वर केली नाही.

"दवाखान्यातनं येताना. गाडीत."

प्रयोगशाळेत तिला शिकवलं होतं की एक मोजमाप तीनदा घ्यायचं. तीनही उत्तरं वेगवेगळी आली, तर आधी मोजणाऱ्यांकडे बघायचं.

"आई म्हणती चुलीपाशी. दादा म्हणतो चाळीपाशी. तुम्ही म्हणताय गाडीत. आबा, मी कुठंच म्हणाले नव्हते."

अडकित्ता थांबला. सरूबाई हात पुसत दारात आली. "हळू बोल, शेजारी ऐकत्याल. तुझ्या भल्याचंच हाय. आन् धाकटीचं काय व्हईल?"

"दौंडच्या लोकांना काय सांगितलंत? कावीळ?"

सरूबाईने शेजारच्या अंगणाकडे पाहिलं.

"रविवारी ते आले तर ऑपरेशन मी सांगीन. खूणबी दाखवीन. माझ्या गोळ्या त्या घरात लपवून खायच्या, फिट आली तर भूतबाधा म्हणायचं, हे मला जमणार न्हाई."

"घराची अब्रू घालवणार तू," मच्छिंद्र ओरडला.

ती त्याच्याकडे वळलीच नाही. "आबा, ऑपरेशन झाल्यापासनं मी सगळं दोनदा बघते. गोळी, कडी, गॅस. फक्त तुम्ही पुढं केलेला कागद वाचला न्हाई. तुम्ही दिला म्हणून वाचला न्हाई."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. मग उठले, आत गेले, कपाटाची किल्ली वाजली. बाहेर येऊन त्यांनी दाखला तिच्यापुढे धरला.

"जा. उद्या परत लावून घे नाव."

तिने तो लगेच घेतला नाही. त्यांच्या हातात असतानाच वरून खालपर्यंत वाचायला सुरुवात केली. नाव, जन्मतारीख, सोडण्याचं कारण. शेवटी पोचल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून. आबा हात लांब करून उभे होते. त्यांनी घाई केली नाही, करायचा अधिकार आता आपल्याला उरला नाही हे त्यांना कळलं होतं.