मार्शलबाईंची रांग

"डेल, तुझा पुढचा कुत्रा कुठंय?" आर्डिसने विचारलं.

"गाडीत. झोपलाय."

"मग उठव. आडोशामागे दोन कुत्री कायम तयार लागतात मला."

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या क्लबच्या शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेला त्या सप्टेंबरात शंभराच्या घरात कुत्री आली होती. शेतात उभी केलेली माणसं लांब लांब तीन मेलेली बदकं फेकायची, आणि पाळीची वाट बघणारी कुत्री ते दिसू नये म्हणून कापडी आडोशामागे थांबायची. पाळी आलेल्या कुत्र्याने त्या जागा लक्षात ठेवून एकेक बदक आणायचं. पहिली फेरी अंधाराआधी संपली नसती, तर पुढचं सगळंच कोलमडलं असतं. गुण देणार परीक्षक, पण रांग हलती ठेवायची ती मार्शलने. आमची मार्शल आर्डिस ब्रेक्के. एरवी ती शाळेच्या स्वयंपाकघरात असे, जेवणाच्या सुट्टीतली पोरांची रांग सांभाळायला. मी तिची शेजारीण. बदकांच्या टोपल्या वाहत होते.

डेल पैसे घेऊन लोकांची कुत्री स्पर्धेत उतरवायचा. गाडीभर कुत्री आणि माणूस एकटा. दुपारी त्याला उशीर झाला आणि आडोसा रिकामा पडला.

"मार्शलबाई, तुमचा टिप घाला की मध्ये," तो लांबूनच म्हणाला. "कोण विचारतंय?"

"टिपची चिठ्ठी शेवटची निघालीय. तू पाय उचल. का तेही उसने आणलेस?"

तिनं डेलच्या मागच्या नंबराला पुढे बोलावलं.

टिप तिचा काळा लॅब्राडोर, तोंड पांढरं झालेला. किताबाला एक विजय कमी होता आणि त्याचा हा शेवटचा हंगाम, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं.

टिपची पाळी आली तेव्हा सूर्य बुडाला होता.

"आर्डिस, मलाच धड दिसत नाही," परीक्षक म्हणाले. "टिपला सकाळी घेऊ."

"एका कुत्र्यासाठी सगळी माणसं परत शेतात उभी करायची? दुसरी फेरी मग कधी सुरू होणार?"

"त्याचं नुकसान होईल, बाई."

"होऊ दे. आत्ता घ्या."

कुत्र्याला मालक लांबून दिसावा म्हणून घालतात तो पांढरा कोट तिनं चढवला. टिपने दोन बदकं आणली, तिसऱ्यासाठी लव्हाळ्यात शिरला आणि दिसेनासा झाला. बराच वेळ नुसता वारा. परीक्षकांनी तोंड उघडायच्या आत आर्डिसनेच परतीची शिट्टी वाजवली. म्हणजे टिप बाद.

आपली कुत्री झाली की डेल कधी थांबत नसे. त्या दिवशी थांबला होता. त्याने टोपी काढली.

"सकाळी पहिला नंबर तुझा," कोटाची बटणं सोडत ती म्हणाली. "आडोशामागे असायचं."

"असेन, बाई."

एवढी कुत्री एका दिवसात कशी उरकली, असं दुसरे क्लबवाले पुढे कितीतरी वर्षं विचारत. मी सांगायची, आर्डिसच्या टोपल्या वाहायला मी होते.

टिप तिच्या पायाशी बसला होता, लव्हाळ्यावरची नजर न हलवता. मी विजेरी घेतली आणि त्याच्या नाकासमोर सरळ चालत गेले. तिसरं बदक तिथंच होतं.