तीस पावलांवरून

मला राग पटकन येतो आणि आला की लपवता येत नाही. शिलाँगपलीकडच्या, धो धो पावसाच्या सोहऱ्यात, आमच्या टॅक्सी स्टँडवर हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या बुधवारी मी मूग गिळून बसले. माझ्या गाडीचा उजवीकडचा मागचा लाइट दुसऱ्यांदा नापास झाला होता.

आमच्या स्टँडचा नियम असा, की धुक्याचे महिने लागले की सेक्रेटरी लामफ्रांग, ज्याला सगळे बाह, म्हणजे दादा, म्हणतात, प्रत्येक गाडीच्या मागे तीस पावलं मोजत जातो आणि वळून बघतो. दोन्ही लाल दिवे दिसले तर गाडी रांगेत, नाहीतर घरी. तिसऱ्यांदा नापास झालात तर स्टँडवरचा नंबर गेला तो गेलाच. नियमात काही खोट नाही. आदल्या वर्षी दरीच्या वळणावर एक गाडी दुसरीवर मागून आदळली, तेव्हा या नियमासाठी सगळ्यात आधी हात वर केला तो मीच.

सत्तेचाळीस गाड्यांच्या त्या स्टँडवर बाई एकटी मी. माझा नंबर अकरा, आणि तो मिळवायला मला चार वर्षं लागली. तिकडे लामफ्रांगचा भाचा डोनबोक नवी कोरी गाडी घेऊन नंबराची वाट बघत टपून बसलेला.

"काँग, लाइटमध्ये मासे पाळलेत का हो?" तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मोठे झाले की एक आम्हाला द्या, रविवारी कालवणाला!"

तोंडाने काँग म्हणायचं, थोरल्या बहिणीचा मान द्यायचा आणि वर हे! सगळे फिदीफिदी हसले. पण खोटं तरी काय होतं त्यात? लाइटमध्ये दोन बोटं पाणी होतं आणि आतून काचेवर सगळी वाफ धरलेली. दिवा लागलाय की विझलाय, दहा पावलांवरून कळत नव्हतं. नवा लाइट गुवाहाटीहून यायचा, तोही सोमवारी. आणि तिसरी तपासणी शनिवारी सकाळी.

आमच्याकडे घर आईचं, पण शब्द मामाचा. गुरुवारी वेलबॉर्न मामाने लाइट स्वतःच्या हाताने काढून घरात नेला. गालात क्वायचा, ओल्या सुपारीचा विडा, हातात स्क्रू ड्रायव्हर.

"तू बिनघोर झोप, पोरी. उद्या या काचेत तोंड बघशील."

शुक्रवारी सकाळी बघते तर लाइट चुलीवरच्या माळ्याला, सुक्या माशांच्या शेजारी टांगलेला! पाणी वाळलं होतं, ते कबूल. पण बल्बच्या उघड्या भोकांतून रात्रभर धूर आत गेलेला. लाल काचेचा रंग पार काळ्या चहासारखा झाला होता आणि वास तर असा, की मांजर त्याच्याखाली ठाण मांडून बसलेलं.

"मामा! हे काय करून ठेवलंस?"

"वाळवला," मामा म्हणाला. "आपल्याकडे ओली वस्तू आणखी कुठे वाळवतात? ऊन बघितलंयस का महिनाभरात?"

मामाशी वर तोंड करून बोलायचं नसतं. मी बोलले. नको नको ते बोलले. तो अंगणात जाऊन बसला आणि मला रडू फुटलं. चार वर्षांचा नंबर एका लाइटपायी डोनबोकच्या घशात जाणार होता.

रडून झाल्यावर मी डावीकडचा लाइटही खोलला. त्याला काही धाड भरली नव्हती. तीच गाडी, तोच पाऊस, मग हा कोरडा आणि तो ओला असं का? दोन्ही लाइट परातीत शेजारी शेजारी ठेवले आणि तांदूळ निवडतात तसे बोट फिरवत बघत गेले. डावीकडच्याला खालच्या अंगाला करंगळीच्या पेराएवढी रबरी नळी होती, तोंड जमिनीकडे वळवलेलं. उजवीकडच्याला त्याच जागी सिलिकॉनचा पांढरा गोळा.

"मामा, इकडे ये. हे काय आहे?"

"भोक होतं. मार्चात जरा वाफ दिसली आत, तेव्हा बुजवलं." आणि छाती काढून पुढे म्हणाला, "सोहऱ्यात भोक उघडं ठेवतं का कुणी? पत्र्याला सुईएवढं भोक दिसलं तरी डांबर लावतो आपण!"

"अरे, पण हा पत्रा नाही! डाव्याला तेच भोक उघडं आहे आणि तो कोरडा ठणठणीत आहे. बघ की!"

मामाने बघितलं. पुन्हा बघितलं. विडा चावायचा थांबला.

"म्हणजे हे भोक कारखान्यानेच ठेवलंय?"

"नाहीतर काय! दिवा तापला की आतली दमट हवा इथून बाहेर जाते. भाताच्या पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलंस तर वाफ कुठे जाईल? मार्चातली वाफ आपोआप गेली असती, मामा. तू तिला कोंडून ठेवलीस."

पण एवढ्याने भागत नव्हतं. वाफ कोंडली हे खरं, पण दोन बोटं पाणी आलं कुठून? मी ब्लेडने तो गोळा खरवडून नळी मोकळी केली, बल्ब परत जागेवर बसवले आणि लाइट पाण्याच्या टबात बुडवला. नळीला प्लास्टिकचा पाइप जोडला आणि दुसरं टोक मामाच्या तोंडात दिलं.

"फुंक."

"मी?"

"मग कोण? डोनबोकला बोलावू?"

मामाने गाल फुगवून फुंकलं. बल्बच्या होल्डरपाशी बुडबुडे आले, एकामागून एक, नुसती रांग! तिथलं रबर वाळून चिरलं होतं. पाणी तिथून शिरत होतं आणि आत आलं की अडकत होतं. मी टबाशेजारी बसल्या बसल्या ओरडलेच, "सापडलं! मामा, सापडलं!" टायरच्या जुन्या ट्यूबमधून नवी चकती मामाने कापली, आणि सुरेख कापली. पुन्हा बुडवलं, पुन्हा फुंकलं. एक बुडबुडा येईल तर शपथ.

काजळी साबणाच्या कोमट पाण्याने तीनदा खळखळून धुतली. आता वाळवायचं कसं? चुलीचं नाव काढायची मामाची हिंमत नव्हती. मी लाइट उचलला आणि थेट फिडालियाच्या ब्यूटी पार्लरमध्ये गेले. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. आत डोक्याला रंग लावून खुद्द लामफ्रांगची बायको बसलेली.

"फिडा, ड्रायर दे. गरम नको, कोमट ठेव. प्लास्टिक आहे, वितळेल."

"आणि माझ्या केसांचं काय?" सेक्रेटरीणबाईंनी विचारलं.

"काँग, उद्या तुमच्या नवऱ्यासमोर परीक्षा आहे माझी."

"असं होय! मग नीट वाळव, पोरी. त्याला नापास करायची भारी हौस. माझा चहासुद्धा रोज नापास करतो."

शनिवारी सकाळी धुकं असं उतरलं, की स्टँडचं दुसरं टोक दिसेना. सगळा स्टँड जमला होता. डोनबोक गाडी धुऊन पुसून तयार. मी ब्रेक दाबून आत बसले, मामा बाहेर उभा.

लामफ्रांग मोठ्याने मोजत निघाला. "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस." वळला. नुसती सावली दिसत होती त्याची.

"काय?" मामा ओरडला.

"दिसतोय. दोन्ही दिसतायत."

तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाह, अजून मागे जा!"

"नियम तीस पावलांचा आहे, काँग."

"दोनदा चारचौघांत नापास केलंत ना? मग पासही चारचौघांत दणक्यात करा. चाला!"

स्टँडवर हशा पिकला. "जा की, बाह!" कुणीतरी म्हणालं. लामफ्रांग निघाला. चाळिसाला सावलीही गेली. आता फक्त आवाज. पन्नास. पंचावन्न. साठ. मग काहीच नाही. मी ब्रेक आणखी दाबला.

"काँग, दोन्ही लखलखतायत!" धुक्यातून आरोळी आली. "आता तरी येऊ का परत?"

काय टाळ्या पडल्या! मामाने माझ्या गाडीच्या टपावर असा बुक्का मारला की पोचा आला. अजून आहे तो. टाळ्या थांबल्यावर, काय केलंस म्हणून विचारलं तेव्हा मी बुजवलेल्या नळीची गोष्ट सगळ्यांना सांगितली. ती ऐकून डोनबोक खिडकीशी आला, मान खाली घालून.

"काँग, ते नळीचं भोक... माझ्या गाडीचंपण मी बुजवलंय. घेतली त्याच दिवशी."

"मीपण," मागून कुणीतरी म्हणालं. "मीपण." बघता बघता निम्मा स्टँड गाड्यांमागे ओणवा झाला, नखांनी सिलिकॉन खरवडायला. आणि त्यांच्यामधून मामा, हात मागे बांधून, ऐटीत: "भोक दिसलं की बुजवायचं नसतं, गाढवांनो! आधी ते कशाला आहे ते बघायचं असतं!"

जणू हेच सांगायला तो जन्माला आला होता. मी त्याला बोलू दिलं.

लामफ्रांग धुक्यातून आला, केसांवरून पाणी गळत होतं. त्याने वही न उघडताच पुकारा केला, "अकरा नंबर! शिलाँगवाले, अकरा नंबरात बसा!"

चार माणसं बसली. माझे डोळे घळाघळा वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, "रडतेस काय पोरी, गाडी चालव."

मी गिअर टाकला.